एकटीचं रेशन

१

उमाबाईंचा मृतदेह परळीच्या तहसील कचेरीसमोर रुग्णवाहिकेत ठेवून टाकळवाडीची माणसं सकाळपासून रस्त्यावर बसली होती. घोषणा मागे घेतल्याशिवाय माती द्यायची नाही, असं गावानं ठरवलं होतं.

घोषणा होती दिल्लीतली. दोन दिवसांपूर्वी, हिवाळी अधिवेशन चालू असताना, अन्नखात्याचे मंत्री संसदेच्या पायऱ्या उतरून बाहेर आले आणि तिथंच कॅमेऱ्यांसमोर बोलले. अंत्योदयाच्या कार्डावर एकटंच माणूस असेल तर पुढच्या महिन्यापासून त्याला पस्तीस किलोऐवजी पाच किलो धान्य मिळेल, आणि देशातल्या प्रत्येक रेशन दुकानातला साठा ताबडतोब मोजला जाईल. बोलणं तेवढंच होतं. मंत्री गाडीत बसून गेले, आणि दुपारपर्यंत ती बातमी टाकळवाडीच्या पारावर पोचली.

उमाबाई सत्तरीच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. गावातच भावाचा मुलगा बसवेश रेशन दुकान चालवायचा, त्याचाच काय तो आधार. घोषणेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्या आपल्या खोलीत मरून पडलेल्या सापडल्या. धान्यात कीड लागू नये म्हणून टाकतात ती विषारी गोळी त्यांनी खाल्ली, असं सगळं गाव म्हणत होतं. त्या गोळीनं जिल्ह्यात याआधीही माणसं गेलेली होती, म्हणून कुणाला नवल वाटलं नाही. फक्त दुःख झालं, आणि राग आला.

मोर्चाच्या पुढे भगवानराव बसले होते. पन्नास एकरांचे बागायतदार, दोनदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेले. त्यांच्या मागं बायकाच जास्त होत्या. विधवा, नवऱ्यानं टाकलेल्या, एकेकट्या राहणाऱ्या.

फौजदार सत्यशीला घुगे बंदोबस्ताला उभ्या होत्या. प्रकरणाचा तपासही त्यांच्याकडेच होता, आणि तपासण्यासारखं त्यात काही नाही असं वरिष्ठांचं मत होतं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अंबाजोगाईहून, शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा होता. विष त्या गोळीचंच दिसतंय, डॉक्टर म्हणाले. फुप्फुसं भरून आली होती. पण पोटात गोळीचा कण नाही, तोंडात नाही, घशातही काही नाही. व्हिसेरा, म्हणजे आतल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत पाठवलाय, अहवालाला वेळ लागेल.

"मग विष आत गेलं कुठनं?" सत्यशीलानं विचारलं.

ते तुम्ही शोधायचं, असं म्हणून डॉक्टरांनी फोन ठेवला.

२

टाकळवाडीतून औष्णिक केंद्राची धुराडी दिसतात. झाडांच्या पानांवर राखेचा पातळ थर असतो आणि गावात संध्याकाळी लाईट नसते. घोषणेच्या दिवशीही दुपारपासून नव्हती.

बसवेश दुकानातच होता. चाळिशीचा, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलायला मऊ. रात्रभर रडल्यासारखे डोळे. त्याच्या दुकानाची तपासणी सकाळीच झाली होती आणि साठा बरोबर भरला होता. त्यानं जे सांगितलं ते थोडक्यात असं: घोषणेच्या दिवशी संध्याकाळी आत्या दुकानावर आली. बातमीनं खचून गेली होती. पाच किलोत महिना कसा काढू, म्हणाली. त्यानं समजूत काढली, पण ती तशीच उठून गेली. पहाटे तो दूध द्यायला गेला तर दार नुसतं लोटलेलं, आणि आत्या जमिनीवर.

"म्हनली, आता जगून काय करू," बसवेश म्हणाला, आणि त्यानं मान खाली घातली.

गोळ्या कुठून आल्या, असं विचारल्यावर तो म्हणाला की त्या दिवशी आत्या अंबाजोगाईला गेलती, येताना कुठल्यातरी खताच्या दुकानातून घेतल्या असतील.

मागच्या खोलीत त्याची बायको ईश्वरी मशीनवर शिवत बसली होती. सुतकात शिवण कसलं, असं कुणी म्हणालं असतं. पण तिला रिकामं बसवत नसावं. पिवळ्यावर जांभळी फुलं असलेलं पोलकं होतं, आणि पायाशी त्याच कापडाच्या चिंध्या पडल्या होत्या. आत्याबाईंचं तिनंच सगळं केलं होतं. त्या दिवशी त्या अंबाजोगाईला गेल्यावर खोली शेणानं सारवली तीही तिनंच. बाहेर थंडी होती म्हणून रात्रीचं जेवण तिनंच नेऊन दिलं, खिडकी नीट लावून दिली. एवढं सांगून ती पुन्हा मशीनवर वाकली.

सत्यशीला उमाबाईंच्या खोलीत गेल्या. एकच दार, एकच खिडकी. सारवण ताजं होतं, आणि भिंतीलगतच्या भागात ते दबलेलं होतं. शेजारी शेजारी, आयताकृती, तागाच्या विणीसकट. तिथं पोती ठेवलेली होती, आणि ती सारवण ओलं असताना ठेवली होती. म्हणजे त्याच दिवशी. आता खोलीत पोतं नव्हतं.

शेजारची मुक्ताबाई दाराशी येऊन उभी राहिली. पंचेचाळिशीची, नवरा कधीच सोडून गेलेला, हातावर हिरवं गोंदण. बसवेशची हाक ऐकून पहाटे पहिली धावत आली ती हीच. तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली की खोलीत लसणाचा उग्र वास मारत होता. तिला त्याचंच आश्चर्य वाटलं होतं, कारण उमाबाई नवरा गेल्यापासून कांदा-लसूण खात नव्हत्या.

"आणि मांजर मेलंतं," ती म्हणाली. "वकलेलं चाटलं आसंल, म्हनले लोक. मीच उचलून उकिरड्यावर टाकलं. मांजर आन् तिची पिलं."

"पिलं केवढी होती?"

"आत्ताच झालेली. टोपलीत व्हती. डोळंबी उघडले नव्हते."

सत्यशीलानं वाकून ती टोपली पाहिली. डोळे न उघडलेलं पिलू टोपलीतून उतरून जमिनीवरचं काही चाटत नाही. त्याला आईच्या दुधापलीकडे काही माहीतच नसतं. त्या पिलांनी गोळी खाल्ली नव्हती, चाटलीही नव्हती. त्यांनी फक्त श्वास घेतला होता.

उमाबाईंनीही तेवढंच केलं होतं.

३

गोळीला ओल लागली की तिच्यातून लसणासारख्या वासाचा वायू सुटतो. बंद गोदामात त्यानं कीड मरते, बंद खोलीत माणूस मरतं. हे सत्यशीलाला ठाऊक होतं, पण वरिष्ठांना एवढं पुरलं नाही. बाईनं मुद्दाम गोळ्या ओल्या करून खोली बंद केली असेल, असं ते म्हणाले. मरायचं कारण तर सगळ्या देशानं टीव्हीवर पाहिलंय.

म्हणून त्या अंबाजोगाईला डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी एक गोष्ट फोनवर सांगितली नव्हती, त्यांना ती महत्त्वाची वाटली नव्हती. उमाबाईंच्या डाव्या भुवईवर शाईची खूण होती. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली की कुठला डोळा ते चुकू नये म्हणून अशी खूण करतात. मरणाच्या आदल्या दिवशी त्या डोळ्यांच्या विभागात तपासून गेल्या होत्या, आणि पुढच्या आठवड्यात दाखल होणार होत्या.

डोळ्यांच्या विभागाबाहेर म्हाताऱ्या माणसांनी भरलेली लांब पडवी होती आणि वर भिंतीला टीव्ही. तिथल्या मावशींना तो दिवस चांगला आठवत होता. सकाळी मंत्री पाच किलोचं बोलले तेव्हा पडवीत कुणी बोलेना. कितीतरी जण एकटे राहणारे होते. डोळ्यांत औषध घालून बसलेले, त्यांना दिसत काहीच नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. मग दुपारी संसदेत गोंधळ झाला, आणि त्याच पायऱ्यांवर राज्यमंत्री येऊन बोलले. साठ वर्षांवरच्या एकट्या माणसांना हा बदल लागू नाही. त्यांचे पस्तीस किलो तसेच राहतील.

मावशी म्हणाल्या, तेव्हा पडवीत म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाकळवाडीची ती लिंगायत आजी तर शेजारणीला सांगत होती की आता डोळा करायला हरकत नाही.

म्हणजे उमाबाई गावी परतल्या त्या चिंता मिटवून परतल्या होत्या. गावात लाईट नव्हती, दुसरी घोषणा गावाला दुसऱ्या दिवशी कळली. त्या संध्याकाळी दुकानावर येऊन, आता जगून काय करू, असं त्यांनी म्हणणं शक्यच नव्हतं. बसवेशला पहिलीच घोषणा माहीत होती, आणि तेवढ्यावर त्यानं खोटं रचलं होतं.

सत्यशीलानं विचारलं, शेजारीण कशी होती दिसायला.

"नीट न्हाई आठवत," मावशी म्हणाल्या. "हातावर गोंदण व्हतं. हिरवं."

४

मुक्ताबाई मोर्चातच सापडली. सत्यशीलानं तिला बाजूला, कचेरीच्या आवारातल्या लिंबाखाली नेलं. उमाबाईंना दुसरी घोषणा माहीत होती, हे तू का सांगितलं नाहीस, एवढंच विचारलं. मुक्ताबाई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग तिनं सांगितलं. दिवसभर ती उमाबाईंच्या बरोबर होती. कुठल्या खताच्या दुकानात त्या गेल्या नाहीत, गोळ्या घेतल्या नाहीत. येताना एस.टी.त उमाबाई खिडकीशी बसून चक्क हसत होत्या. आणि हसता हसता मध्येच थांबून त्यांनी मुक्ताबाईचा हात धरला होता, कारण मुक्ताबाई साठीची नव्हती. तिचं कार्ड पाच किलोवर येणार होतं.

"मला म्हनली, माझ्यातलं तू खा. दोघी मिळून खाऊ," मुक्ताबाई म्हणाली. "आन् सकाळी बघते तर ही अशी."

भगवानरावांना तिनं हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते म्हणाले, गेलेली काही परत येत नाही, पण तिच्या मरणानं मागं राहिलेल्या बायांचं धान्य वाचत असेल तर गप्प राहा. दिल्लीचे लोक मेलेल्या म्हातारीलाच भितात, जित्या बाईला नाही.

"खोटं बोलले न्हाई मी. नुसती गप बसले. म्याडम, तुमी माझ्या जागी आसता तर काय केलं आसतं?"

सत्यशीलाला आपली आजी आठवली. त्यांची आई पाटोद्याकडची, ऊसतोडीला जाणारी. दर हिवाळ्यात आई-बाप कारखान्यावर असत, आणि घरी राहिलेल्या आजीला दुकानदार सांगायचा की तुमच्या माणसांचं धान्य न उचलल्यानं परत गेलं. ते परत गेलेलं धान्य नेमकं कुठं जातं, हे लहानपणी त्यांना कधीच समजलं नव्हतं.

आणि ते आठवता आठवताच त्यांना सारवणातले ठसे समजले. डिसेंबर होता. टाकळवाडीचं निम्मं गाव कारखान्यांवर होतं.

५

उमाबाईंच्या घरामागं जुना मठ होता. महाराज परभणीला असत, किल्ली बसवेशकडे. सत्यशीलानं त्याला मठात नेलं आणि दार उघडायला सांगितलं. त्यानं एकदाही का म्हणून विचारलं नाही.

आत सहा पोती होती.

बसवेश पायरीवर बसला आणि सांगू लागला. ऊसतोडीला गेलेल्यांचं धान्य तो परत जाऊ देत नव्हता. मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या अंगठ्यावर उचलायचं, दुकानात वेगळं ठेवायचं, आणि माणसं पाडव्याला परत आली की द्यायचं. कायद्यात बसत नव्हतं, पण त्यातला दाणा त्यानं विकला नव्हता. गाव परतल्यावर विचारा, म्हणाला. मंत्र्यांनी साठा मोजायचं जाहीर केलं आणि त्याचा धीर सुटला. जास्तीचं धान्य सापडलं असतं तर काळ्या बाजाराचंच म्हटलं असतं. संध्याकाळी परत आल्यावर आत्यानंच सुचवलं, माझ्या खोलीत ठेव. पोती हलवायच्या घाईत दुसरं काही बोलणं झालंच नाही. पहाटे तो गेला तर वास, आणि आत्या गार पडलेली. दार-खिडकी उघडी टाकून त्यानं पोती हातगाडीवरून मठात आणली आणि मग हाक मारली.

"गोळ्या कुणी टाकल्या?"

"मीच. सोंडे लागलेते. पोत्यांवर मूठभर टाकल्या आन् आलो. वायू सुटतो हे मला ठावं नव्हतं."

सत्यशीलानं हवालदाराला एक पोतं बाहेर उघड्यावर आणायला लावलं आणि तोंडाला रुमाल बांधून त्याची सुतळी सोडली. वरच्याच गव्हात एक पुरचुंडी होती. पिवळ्यावर जांभळी फुलं असलेल्या चिंधीची, बारीक दोऱ्यानं नीटस बांधलेली. दुसऱ्या पोत्यातही तशीच निघाली. दाण्यांत गोळीचा भुगा मिसळू नये, उद्या कुणा लेकराच्या पोटात जाऊ नये, म्हणून कुणीतरी काळजीनं बांधलेली. मूठभर फेकणाऱ्या माणसाचं ते काम नव्हतं.

बसवेशनं त्या पुरचुंडीकडे बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. पोत्यांच्या मध्ये ठेवलेल्या पुरचुंड्या त्यानं पहाटेच उचलून पुरल्या होत्या. आतल्या त्याला माहीत नव्हत्या.

जेवण घेऊन गेलेली ईश्वरी. पोत्यांना कीड बघून घरच्या गोळ्या आणणारी ईश्वरी. थंडी लागू नये म्हणून खिडकी लावून देणारी, ओल्या सारवणाची खोली बंद करून येणारी ईश्वरी. आत्यानं वेगळ्याच गोळ्या आणून खाल्ल्या असं बसवेशनं तिला सांगितलं होतं, आणि तिनं ते खरं मानलं होतं. त्याचं सगळं खोटं, दुकानावरचं ते बोलणं, आत्याची समजूत काढणं, त्या एका माणसासाठी होतं. गावानं ते उचललं, भगवानरावांनी परळीला नेलं, आणि मग त्याला ते थांबवता आलं नाही.

"माझं नाव लावा," तो म्हणाला. "जल्मठेप द्या. तिला आईवानी व्हती आत्या. तिला हे कळलं तर ती जगायची न्हाई, म्याडम. तुमाला काय फरक पडतो? गोळ्या मीच टाकल्या."

सत्यशीला म्हणाल्या की फरक पडतो. आज त्याच्या शब्दावर हे प्रकरण मिटलं तरी उद्या न्यायालयात कुणीतरी हीच पुरचुंडी ईश्वरीपुढं धरील आणि विचारील, हे कापड कुणाचं. तिला ते तिथं, परक्या माणसांत कळण्यापेक्षा घरात कळावं.

 बसवेशनं मठाची किल्ली हवालदाराच्या हातात दिली.

६

ईश्वरीला सत्यशीलानं स्वतः सांगितलं. पाटावर तिच्यासमोर बसून, सावकाश. वायू काय असतो, ओल लागली की काय होतं, पिलं कशी मेली. ईश्वरी ऐकत होती. तिला आधी ते खरं वाटलं नाही, कारण तिनं गोळ्या खाण्यात पडू नयेत म्हणून इतकी काळजी घेतली होती. ते ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मग तिला समजलं. ती ओरडली नाही. उठून आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

मुक्ताबाईनं जबाब दिला. कुणी बळजबरी केली नाही. सत्यशीलानं तर तिला विचार करायला एक दिवस दिला होता. ती म्हणाली, उमाबाई जीव देणारी न्हवती, तिच्या माथी ते नको.

जबाबाच्या दिवशी तहसीलसमोरची माणसं दुपारपर्यंत पांगली. वाहिन्यांवर बातमी आली ती एवढीच, की टाकळवाडीच्या वृद्धेचा मृत्यू रेशनच्या निर्णयामुळं झालेला नाही. दिल्लीत मंत्री पुन्हा त्याच पायऱ्यांवर उभे राहिले आणि म्हणाले, विरोधकांनी एका मृत्यूचं राजकारण केलं. निर्णय कायम आहे. मुक्ताबाईसारख्यांचं नाव त्यांनी घेतलं नाही, घ्यायचं कारणही नव्हतं.

भगवानराव जाताना सत्यशीलापाशी थांबले. रागावलेले दिसले नाहीत.

"तुमी खरं शोधलं, म्याडम. काम चोख केलं," ते म्हणाले. "आता ह्या बायांला काय सांगू, तेवढं तुमीच सांगा."

संध्याकाळी उमाबाईंना माती दिली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं बसवून, हातात इष्टलिंग, कपाळाला विभूती. बसवेशला पोलिसांनी तेवढ्यापुरतं आणलं होतं. ईश्वरी आली नाही.

पोती जप्त झाली. बसवेशचा परवाना गेला, पुरावा लपवल्याचा गुन्हा लागला. निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याचा ईश्वरीवर. दोघांना जामीन मिळाला, पण बसवेशला हजेरी आणि तारखांसाठी सारखं अंबाजोगाईला जावं लागे.

माघ संपत आला तेव्हा सत्यशीला समन्स द्यायला टाकळवाडीत गेल्या. हवालदाराकडून पाठवता आलं असतं. बसवेश घरी नव्हता. चुलीपुढं मुक्ताबाई बसली होती आणि पोळी भाजत होती. ईश्वरी शेजारी, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून. लई वाळली होती.

मुक्ताबाईनंच सांगितलं, न विचारता. ईश्वरीनं धान्याला हात लावणं सोडलंय. निवडत न्हाई, दळत न्हाई, रांधत न्हाई. सूप पुढं केलं की उठून जाते. नवरा तारखेला गेला की उपाशीच बसते. म्हणून मुक्ताबाई रोज येते. आपल्या घरचं पीठ घेऊनच येते.

"पाच किलोत भागतं का?" सत्यशीलानं विचारलं.

"भागत न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "शेवटचा आठवडा मागून आनते."

तिनं पोळीवर डाळीचं पातळ कोरड्यास वाढलं आणि ताट ईश्वरीपुढं सरकवलं. ईश्वरी हललीही नाही. मुक्ताबाईनं तुकडा मोडला, बुडवला आणि तिच्या तोंडापाशी धरला. तिचा हात तसाच राहिला, कितीतरी वेळ. शेवटी ईश्वरीनं तोंड उघडलं आणि घास घेतला, आणि चावता चावता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

मुक्ताबाईनं दुसरं ताट ओढलं.

"बसा म्याडम. एकच पोळी हाय, पन अर्धी अर्धी खाऊ."

तपासातल्या घरी पाणीसुद्धा घ्यायचं नाही, असा सत्यशीलाचा नोकरी लागल्यापासूनचा नेम होता. त्यांनी बूट काढले, टोपी उंबऱ्यावर ठेवली आणि दोघींच्या मध्ये जमिनीवर बसल्या.